‘गुन्हा दाखल आहे का?’ : नर्सिंगच्या मुली आणि पोलीस पडताळणी



समोर जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या बऱ्याच मुली बसल्या आहेत. बहुतेक जणी घरातल्या पहिल्या पदवीधर होणार आहेत. म्हणून आज मी एका कागदाबद्दल बोलणार आहे, पोलीस पडताळणीच्या फॉर्मबद्दल. प्रवेशाच्या वेळी शाळा सोडल्याचा दाखला आणि वर्तणुकीचं प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी पुरतं. पण सरकारी रुग्णालयात नेमणूक झाली किंवा परदेशी नोकरीला जायचं ठरलं, की हा फॉर्म हातात पडतो.

आधी एक गोष्ट मान्य करू. नर्सच्या ताब्यात बेशुद्ध माणूस असतो, तान्हं बाळ असतं, औषधांच्या कपाटाची किल्ली असते. ज्याने दुबळ्या माणसावर अत्याचार केल्याचं कोर्टात सिद्ध झालंय, त्याला वॉर्डात पाठवू नये. पडताळणीला माझा विरोध नाही. फॉर्म काय विचारतो, यावर माझा आक्षेप आहे.

‘शिक्षा झाली आहे का’ एवढ्यावर अनेक फॉर्म थांबत नाहीत. ‘कधी अटक झाली होती का, गुन्हा दाखल आहे का’ असंही ते विचारतात. शिक्षा कोर्ट देतं, पुरावा तपासून. गुन्हा दाखल होतो पोलीस ठाण्यात, कुणाच्या तरी सांगण्यावरून. आणि ठाण्यात कुणाचं नाव आधी घेतलं जातं, हे समाजशास्त्राचं पुस्तक उघडायच्या आधीपासून आपल्याला ठाऊक आहे.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली, अहमदाबादेत छारांची वसाहत केली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. पण राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९ साली. कायद्याचं नाव बदललं, संशय तिथेच राहिला. आजही चोरी कुठेही होवो, पोलिसांची गाडी पारधी, कंजर, सांसी वस्तीवर आधी जाते.

हे आता सर्वोच्च न्यायालयानेही नोंदवलं आहे. ७ मे २०२४ रोजी अमानतुल्ला खान प्रकरणात न्यायालयाने राज्यांना बजावलं, की मागास आणि वंचित समाजातल्या निरपराध माणसांची नावं केवळ त्यांच्या पार्श्वभूमीमुळे हिस्ट्रीशीटमध्ये चढू नयेत. विमुक्त जातींच्या नोंदींचा उल्लेख त्या निकालात आहे.

दुसरा गट आंदोलनातल्या पोरांचा. ३ जानेवारी २०१८चा महाराष्ट्र बंद आठवा, २ एप्रिल २०१८चा भारत बंद आठवा. दोन्ही वेळा आपल्या तरुणांवर गुन्हे दाखल झाले. गावात ॲट्रॉसिटीची तक्रार दिली की समोरून क्रॉस केस येते, हेही नवं नाही. अशा केसमधून पुढे निर्दोष सुटलं, तरी फॉर्मवरच्या ‘होय’मध्ये हे काहीच दिसत नाही.

मग भरायचं काय? पीएचडीच्या कामासाठी मी नर्सिंगच्या मुलींशी बोलते. एकीने मला विचारलं, “ताई, केस भावावर आहे. मी लिहू का?” नाही. प्रश्न तुझ्याबद्दल असेल, तर उत्तरही तुझ्याबद्दलच.

पण स्वतःवर केस असेल आणि ती स्पष्ट विचारली असेल, तर लपवू नका. २०१६च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. त्याच निकालाप्रमाणे, जे नेमकं विचारलंच नाही ते लपवलं असा ठपका ठेवता येत नाही. कोवळ्या वयातल्या घोषणाबाजीसारखी किरकोळ बाब लपवली गेली असेल, तर ती माफ करता येते. मात्र खरं लिहिलं म्हणजे नोकरी पक्की, असंही नाही. पूर्ववृत्त तपासण्याचा अधिकार मालकाकडे राहतो. तरीही खोटं लिहिल्यावर बाजू मांडायची जागाच आकसते.

अठराच्या आतलं प्रकरण बाल न्याय मंडळासमोर निकाली निघालं असेल, तर बाल न्याय कायदा २०१५चं कलम २४ वाचा. त्या प्रकरणामुळे पुढे अपात्रता लागत नाही. सोळा ते अठरा वयातल्या, मोठ्यांप्रमाणे खटला चाललेल्या प्रकरणांना मात्र हे संरक्षण नाही. तेव्हा आधी वकिलाला कागद दाखवा.

आपली मागणी साधी आहे. फॉर्मने शिक्षेबद्दल विचारावं. गुन्हा कोणता, किती जुना आणि नर्सच्या कामाशी त्याचा संबंध काय, हे पाहावं. आणि नकार देण्याआधी त्या मुलीचं म्हणणं ऐकून घ्यावं. रुग्णाची सुरक्षा यातून कमी होत नाही. ठाण्यातला जातीचा संशय वॉर्डाच्या दारापर्यंत पोचत नाही, एवढंच.

तोवर एक काम करा. नावावर केस असेल, तर एफआयआरची प्रत आणि निकालाची प्रमाणित प्रत आत्ताच काढून मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेवा. नेमणुकीचं पत्र आल्यावर कोर्टाच्या खेपा घालायला वेळ मिळत नाही.

जय भीम.