ऑक्टोपस, रोबोट आणि एक फुटलेला टोमॅटो

आज सुरुवात एका टोमॅटोपासून.

बीटेकच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी रोबोटिक हात बनवला होता. सहा मोटर, एक कॅमेरा आणि सगळं डोकं लॅपटॉपमध्ये. कुठली मोटर किती अंश वळणार, सगळं लॅपटॉप ठरवणार. लाकडी ठोकळा मस्त उचलला. मग सर म्हणाले, "आता हा उचला," आणि डब्यातला टोमॅटो पुढे केला. हातानं धरला... आणि रस थेट सरांच्या शर्टावर! आम्ही आठवडाभर कोडच वाढवत बसलो. फायनल डेमोला शेवटी गुपचूप ठोकळाच ठेवला.

चूक कोडमध्ये नव्हतीच, हे मला ऑक्टोपसबद्दल वाचताना कळलं.

ऑक्टोपसच्या अंगात साधारण ५० कोटी चेतापेशी, म्हणजे न्यूरॉन असतात. त्यातले जवळपास दोन तृतीयांश हातांमध्ये! हाताला हाड नाही, सांधा नाही, तो कुठेही वाकतो. प्रत्येक वळणाचा हिशोब मेंदूनं ठेवायचा म्हटलं तर त्याचा आमचा लॅपटॉप होईल.

२००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मेंदूशी संबंध तोडलेल्या हाताला संशोधकांनी नुसतं उत्तेजित केलं. हाताच्या मुळाशी एक बाक तयार झाला आणि टोकाकडे सरकत गेला. भक्ष्याकडे झेपावताना ऑक्टोपस हात टाकतो, अगदी तसाच! म्हणजे 'हात लांब कर' हा प्रोग्राम हातातच बसवलेला आहे.

पण रीलमध्ये सांगतात तसे 'नऊ मेंदू' वगैरे समजू नका हं. २०११ च्या एका प्रयोगात ऑक्टोपसनं पारदर्शक चक्रव्यूहात डोळ्यांनी बघून हात बरोबर खान्यात नेला. मेंदू बॉस आहेच, फक्त प्रत्येक बारीकसारीक गोष्टीत नाक खुपसत नाही.

रोबोटवाल्यांनी हे उचललं. इटलीत पिसा इथे सेसिलिया लास्की यांच्या टीमनं ऑक्टोपससारखे मऊ हात बनवले. २०१६ मध्ये हार्वर्डचा ऑक्टोबॉट आला: बॅटरी नाही, चिप नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडपासून गॅस होतो, त्यानं हात फुगतात आणि कुठले हात कधी हलणार हे आतल्या बारीक नळ्यांचं जाळं ठरवतं. तो फक्त हात आलटूनपालटून हलवतो, पण थोडा विचार शरीरावरही सोपवता येतो, हे त्यानं दाखवलं.

आज तो प्रोजेक्ट परत केला तर? बोटांना मऊ सिलिकॉन, प्रत्येक बोटात दाबाचा सेन्सर आणि एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर. लॅपटॉप फक्त म्हणेल, "धर." किती जोरात, ते बोट ठरवेल. डीबग करताना डोकं फिरेल, कारण बग आता सहा ठिकाणी लपू शकतो. पण टोमॅटो वाचेल.

तुमचाही एखादा प्रोजेक्ट अडला असेल तर आधी बघा, सगळे निर्णय एकाच जागी तर अडकले नाहीत ना? भेटू पुढच्या भागात!