ऋणाचा शेष : क्रेडिट कार्डाची रक्कम फेडल्यानंतर उरणारे व्याज



ऋण, अग्नी आणि शत्रू यांचा शेष ठेवू नये, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. आग विझली असे वाटते आणि राखेखाली निखारा तसाच धुमसत राहतो. ऋणाचीही तीच रीत आहे. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत या शिकवणीचा प्रत्यय फार लवकर येतो. विवरणपत्रावर छापलेली सगळी रक्कम भरून माणूस निश्चिंत होतो. आणि पुढच्या महिन्यात आणखी एक विवरणपत्र येऊन त्यावर काहीशे रुपयांचे येणे दाखविलेले असते. बँकेची चूक झाली असावी, असे समजून तो ते बाजूला ठेवतो. पुष्कळदा ती चूक नसते. ते मागे राहिलेले, म्हणजे शेष व्याज असते. आणि ते बाजूला ठेवण्यातच खरे नुकसान असते.

भारतीय बँकेने क्रेडिट कार्ड प्रथम आणले ते १९८० मध्ये, सेंट्रल बँक ऑफ इंडियाने. त्या काळी ते मोठ्या शहरांतील थोड्या लोकांपुरते होते. आज तालुक्याच्या गावातील शिक्षक, कारकून, छोटे दुकानदार यांच्या खिशातही ते आढळते. साधन घरात आले, त्याचा हिशेब मात्र पुरता समजला नाही, अशी स्थिती आहे.

व्याज मागे कसे राहते?

दर महिन्याचे संपूर्ण येणे देय तारखेच्या आत भरणाऱ्यास खरेदीवर व्याज पडत नाही. परंतु एखाद्या महिन्यात रकमेचा काही भाग जरी मागे राहिला, तरी ही सवलत थांबते आणि व्याज दिवसाच्या हिशेबाने धावू लागते. विवरणपत्रात मात्र ते तयार झाले त्या दिवसापर्यंतचेच व्याज असते. तो दिवस आणि प्रत्यक्ष भरण्याचा दिवस यांच्यामधील व्याज त्यात येऊच शकत नाही. ते पुढील विवरणपत्रात उमटते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका शिक्षकाने घरातील आजारपणात कार्ड वापरले आणि काही महिने थोडी थोडी रक्कम भरली. १० जूनच्या विवरणपत्रात ४०,००० रुपये येणे आहे. व्याजाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के आहे. देय तारीख ३० जून असल्याने त्याने २८ जून रोजी पूर्ण ४०,००० रुपये भरले. १० ते २८ जून या १८ दिवसांचे व्याज सुमारे ८२८ रुपये होते. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे सुमारे १४९ रुपये. तेव्हा १० जुलैच्या विवरणपत्रात ९७७ रुपये येणे दिसणार. मधल्या काळात त्याने १५ जून रोजी ५,००० रुपयांची खरेदी केली असेल, तर तिच्यावरही १० जुलैपर्यंतच्या २५ दिवसांचे सुमारे १४४ रुपये व्याज आणि त्यावरील कर लागू होतो. कारण बिनव्याजी मुदतीची सवलत तेव्हा थांबलेली असते.

किमान देय रकमेचा मोहही येथे ओळखून ठेवला पाहिजे. याच ४०,००० रुपयांवर ५ टक्के किमान रक्कम धरली, तर ती २,००० रुपये होते. एका महिन्याचे व्याज व कर मिळून १,६५२ रुपये होतात. म्हणजे २,००० रुपये भरूनही मुद्दल घटते ते अवघे ३४८ रुपयांनी.

कायद्याचा आधार कोठवर?

व्याज मुद्दलाहून अधिक मागू नये, हा दामदुपटीचा नियम महाराष्ट्राला जुना परिचित आहे. त्या भरवशावर येथे राहता येत नाही. बँकेने लावलेला दर जास्त आहे, एवढ्याच कारणावरून न्यायालयाने व्यवहार पुन्हा उकलू नये, अशी तरतूद १९८४ मध्ये बँकिंग नियमन कायद्यात कलम २१अ घालून करण्यात आली. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये क्रेडिट कार्डावरील ३० टक्क्यांहून अधिक दर ही अनुचित प्रथा ठरविली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा दराच्या मर्यादेपेक्षा ग्राहकाचे रक्षण करतात त्या दोन गोष्टी : रिझर्व्ह बँकेचे कार्यपद्धतीचे नियम आणि ग्राहकाची स्वतःची दक्षता.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये याविषयी सविस्तर निर्देश दिले. न भरलेले शुल्क व कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज चढवू नये. उशिराचे शुल्क शिल्लक राहिलेल्या रकमेवरच आकारावे. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ रक्कम थकली तरच थकबाकीची नोंद पतमाहिती कंपनीकडे पाठवावी, असे त्यांत सांगितले आहे. कार्ड बंद करण्याची विनंती आल्यावर, सर्व येणे चुकते असल्यास, सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद केले पाहिजे. न केल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसास ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. यातील मेख अशी की, शेष व्याजाचे थोडेसे रुपये उरले असले तरी येणे चुकते झाले असे ठरत नाही, आणि या तरतुदीचा लाभही मिळत नाही.

शेष कसा मिटवावा?

पहिली गोष्ट, फेडण्याचे ठरताच कार्डाचा वापर थांबवावा. विम्याचा हप्ता, दूरध्वनीचे देयक अशा कार्डातून परस्पर वळत्या होणाऱ्या रकमा आधी बंद कराव्यात. दुसरी, विवरणपत्रावरील आकड्यावर विसंबू नये. अमुक तारखेस भरल्यास त्या दिवसापर्यंतच्या व्याजासह एकूण किती द्यावे लागेल, हे बँकेला विचारून घ्यावे. तिसरी, देय तारखेची वाट पाहू नये. वरील उदाहरणात प्रत्येक दिवसाचा विलंब करासह सुमारे ५४ रुपयांना पडतो. कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेकडून कमी व्याजाने कर्ज मिळत असेल, तर दोन्ही दरांची तुलना करून कार्डाचे ऋण त्यातून फेडणे हिताचे ठरते. मात्र नंतर कार्डावर नवे ऋण करू नये.

चौथी, रक्कम भरल्यानंतरची निदान दोन विवरणपत्रे डोळ्यांखालून घालावीत. शेष व्याज दिसल्यास हिशेब पडताळून ते तत्काळ भरावे. ते माफ करण्याची विनंती बँकेला करून पाहण्यास हरकत नाही. परंतु उत्तराची वाट पाहता पाहता देय तारीख उलटू देऊ नये. पाचवी, येणे शून्यावर आल्यावर कार्ड नको असेल तर ते बंद करण्याची विनंती लेखी करावी आणि काहीही येणे नसल्याचा दाखला मागून जपून ठेवावा. शेवटी, पतमाहिती कंपनीकडील आपला अहवाल पाहावा. अशा प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो.

हिशेब चुकीचा वाटल्यास आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी शुल्क नाही.

एवढ्या लहान रकमेसाठी इतकी काळजी कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण ९७७ रुपयांकडे दुर्लक्ष झाले की त्यावर उशिराचे शुल्क चढते, थकबाकीची नोंद होते, आणि पुढे घरासाठी कर्ज मागण्याची वेळ येते तेव्हा ती नोंद आडवी येते. ४०,००० रुपये प्रामाणिकपणे फेडणारा माणूस हजाराहून कमी रकमेपायी थकबाकीदार ठरतो, यापरते दुर्दैव कोणते?

ग्रामीण भागात ही गोष्ट पीक कर्जाच्या अनुभवावरून चटकन पटविता येईल. कर्ज फेडल्यावर बेबाकीचा दाखला घेऊन सातबारा उताऱ्यावरील बोजा उतरविल्याखेरीज शेतकरी स्वस्थ बसत नाही. क्रेडिट कार्डालाही सातबारा नसला तरी बोजा असतो. तो पतमाहितीच्या अहवालात लिहिला जातो. शिक्षकांनी व्याजाचे गणित शिकविताना वर्गात असे एखादे विवरणपत्र मांडावे आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय एकदा तरी काढावा. पैसे भरल्याची पावती म्हणजे ऋणमुक्ती नव्हे. शेष शून्य झाल्याचा कागद हाती येईल तो दिवस ऋणमुक्तीचा, ही खूणगाठ प्रत्येकाने बांधावी.