एक घरी, एक माहेरी, एक क्लाउडवर



आज आपण बचतीबद्दलच बोलणार आहोत, पण पैशांच्या नाही, फोटोंच्या.

आपल्या आयांच्या काळात घरात लग्नाचा एक अल्बम असायचा, भिंतीवर सासू-सासऱ्यांची तसबीर असायची, आणि झालं. आज गटातल्या कुठल्याही बाईचा फोन उघडून बघा. लेकराचं बारसं, आईच्या शेवटच्या दिवसांतले फोटो, जावांसोबतची वेरूळची सहल, गटाच्या कर्जातून घेतलेली पहिली शेळी, सरसच्या प्रदर्शनातला स्टॉल. हजार-दोन हजार फोटो सहज निघतात. आणि हे सगळं कुठं आहे? कमरेला खोचलेल्या एका फोनमध्ये. तो हौदात पडतो, एसटीत हरवतो, लेकरू आपटतं. फोन हप्त्यावर नवा घेता येतो. गेलेल्या आईचा फोटो कुठल्याच दुकानात मिळत नाही.

मग करायचं काय? उत्तर आपल्या गटातच आहे. आपली बचत किती, हे किती ठिकाणी लिहिलेलं असतं? सभासदाच्या पासबुकात, गटाच्या खातेवहीत, आणि गटाचा एकूण पैसा बँकेच्या खात्यात. समजा, सचिव ताईंच्या घरी पाणी शिरलं आणि वही भिजली. तरी पासबुकं घरोघरी आहेत, बँकेत नोंद आहे. हिशोब पुन्हा उभा करता येतो. फोटोंचंही असंच करायचं. जगभरचे छायाचित्रकार हाच नियम सांगतात: प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक तरी प्रत घराबाहेर.

घराबाहेर का, हे समजायला आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट ऐका. अजिंठ्याच्या लेण्यांमधली चित्रं कागदा-कापडावर उतरवून घ्यायचं काम इंग्रजांच्या काळात रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानं १८४४ नंतर हाती घेतलं. त्यात त्याची वर्षांमागून वर्षं गेली. मोठमोठी चित्रं तयार झाली, लंडनला गेली आणि तिथल्या क्रिस्टल पॅलेस नावाच्या काचेच्या महालात मांडली गेली. डिसेंबर १८६६ मध्ये त्या महालाला आग लागली आणि तिथं लावलेली चित्रं जळाली. जी थोडी तिथं मांडलेली नव्हती, तीच वाचली. पुढं मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला काढल्या. त्याही लंडनला एका संग्रहालयात गेल्या. १८८५ मध्ये तिथंही आग लागली आणि त्यातल्याही पुष्कळ गेल्या.

बघा, चित्रं लांब पाठवली होती. साता समुद्रापार! पण पाठवली ती बहुतेक एकाच छताखाली. ग्रिफिथ्स यांचं अजिंठ्यावरचं पुस्तक पुढं छापून निघालं, आणि ते मात्र टिकलं. कारण छापलेल्या पुस्तकाच्या प्रती अनेक असतात आणि त्या अनेक घरांत, अनेक ग्रंथालयांत जातात. एक जळली तर दुसरी राहते.

आपल्याकडंही हे नवं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात घराघरांत पाणी शिरलं. अशा वेळी भिंतीवरची तसबीर, पेटीतला अल्बम, फोन, पेनड्राइव्ह, सगळं एकाच घरात असेल तर सगळं एकदमच जातं. म्हणून माझं सूत्र सोपं आहे: एक प्रत घरी, एक माहेरी, एक क्लाउडवर.

आधी घरची प्रत. फोनमध्ये मेमरी कार्ड आहे म्हणजे वेगळी प्रत आहे, असं समजू नका. फोन हरवला की कार्डही त्याच्याबरोबर जातं. प्रत म्हणजे फोनपासून वेगळी वस्तू. सगळ्यात सोपा पेनड्राइव्ह. फोनला जोडायला एक छोटा ओटीजी जोड मिळतो, किंवा दोन्हीकडून लागणारा पेनड्राइव्हच मिळतो. संगणक नसला तरी चालतं. फोटो भरले की पेनड्राइव्ह कोरड्या डब्यात ठेवा, त्यावर वर्ष लिहा. मात्र तो वर्षानुवर्षं डब्यात विसरू नका. पेनड्राइव्ह बिघडताना आधी सांगत नाही. दिवाळीच्या साफसफाईत डबे उतरवतो ना, तेव्हा तोही एकदा जोडून बघायचा. फोटो उघडतात का, हे तपासायचं. शंका आली की नव्यावर उतरवून घ्यायचं.

आता माहेरची प्रत. तसाच दुसरा पेनड्राइव्ह भरायचा आणि तो दुसऱ्या गावी ठेवायचा. माहेरी, बहिणीकडं, किंवा विश्वासातल्या मैत्रिणीकडं. शेजारच्या घरात ठेवून फारसा उपयोग नाही. नदीचं पाणी आलं तर ते दोन्ही घरांत येतं. रक्षाबंधनाला आणि दिवाळीला आपण माहेरी जातोच. जाताना नवा भरलेला पेनड्राइव्ह न्यायचा, तिथला जुना परत आणायचा आणि पुढच्या खेपेला तोच भरायचा. याला ना इंटरनेट लागतं, ना महिन्याचे पैसे. एक काळजी मात्र घ्या. साध्या पेनड्राइव्हला कुलूप नसतं. ज्याच्या हातात पडेल त्याला सगळं दिसतं. म्हणून आधार कार्डाचे, पासबुकाचे आणि खासगी फोटो त्यातून वगळा. सरकारी कागदपत्रांसाठी डिजिलॉकर आहे.

तिसरी प्रत क्लाउडवर. क्लाउड म्हणजे आभाळातलं काही नव्हे. एखाद्या कंपनीच्या मोठ्या संगणकांवर भाड्यानं घेतलेली कोठीची खोली, एवढाच त्याचा अर्थ. आपल्यापैकी बहुतेकींच्या फोनमध्ये गुगल फोटोज आधीपासून असतं. तिथं १५ जीबी जागा फुकट मिळते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात वाटली जाते. अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. आयफोनवाल्यांना आयक्लाउडमध्ये ५ जीबी फुकट. पूर्वी गुगलवर थोडे बारीक केलेले फोटो कितीही ठेवता यायचे. ती सवलत १ जून २०२१ पासून बंद झाली.

१५ जीबीत किती मावतं? फोनचा एक फोटो साधारण ३ एमबीचा धरला, तर ५ हजारांच्या आसपास फोटो. पण व्हिडिओ जागा खातात. एका मिनिटाचा चांगला व्हिडिओ शंभर एमबीपर्यंत जाऊ शकतो. म्हणून हळदीचा दोन तासांचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर ठेवा आणि क्लाउडवर फोटो. ‘सुप्रभात’चे फोटो, देवाच्या फोटोंवरचे संदेश, एकाच पोझचे दहा फोटो आधी काढून टाका. धान्य कोठीत भरायच्या आधी आपण पाखडतो, तसंच हे.

जागा संपली तर पैसे भरावेत का? आधी पाखडून बघा. तरीही लागली आणि परवडत असेल तर घ्या, पण समजून घ्या: हे भाडं आहे, खरेदी नाही. दरमहा किंवा दरवर्षी द्यावं लागतं, आणि दर बदलतात. भाडं थांबलं आणि फोटो फुकटच्या हद्दीबाहेर असले, तर नवे फोटो वर चढत नाहीत. दोन वर्षं तसंच राहिलं तर गुगल जुनेही काढून टाकू शकतं. म्हणून फक्त क्लाउडच्या भरवशावर राहायचं नाही.

क्लाउडच्या बाबतीत तीन गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा.

पहिली, नेट. बॅकअप मोबाइल डेटावर सुरू ठेवला तर दिवसाचा पॅक सकाळीच संपतो. सेटिंगमध्ये ‘फक्त वायफायवर’ निवडा. वायफाय नसेल तर रात्री झोपायच्या आधी, त्या दिवशीचा उरलेला डेटा वापरून थोडे थोडे चढवा.

दुसरी, पुसणं. गुगल फोटोज ही जशी कोठी आहे, तसा तो आरसाही आहे. बॅकअप झाल्यावर त्या अॅपमध्ये जाऊन फोटो पुसला, तर तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडवरूनही. ६० दिवस तो कचरापेटीत राहतो, मग कायमचा जातो. फोनची जागा मोकळी करायची असेल, तर त्यासाठी अॅपमध्येच वेगळा पर्याय आहे. तो वापरला की फोटो फक्त फोनमधून जातात, वर राहतात. त्याआधी कोपऱ्यातला आपला गोल फोटो दाबा आणि बॅकअप पूर्ण झाला का ते बघा.

तिसरी, व्हॉट्सअॅप. ‘मी बहिणीला पाठवलाय, म्हणजे जपून आहे,’ असं कितीतरी जणी म्हणतात. नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो तिथं बारीक होतो, आणि बहिणीनं फोन साफ केला की तिथूनही जातो. जपायचा फोटो पाठवायचाच असेल, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तो आहे तसा जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोठीची किल्ली कुणाकडं आहे?

एका गावातल्या ताईंचा फोन पाण्यात पडला. आईचे फोटो त्यातच होते, आणि आई वर्षापूर्वीच गेली होती. नवा फोन आला. फोटो क्लाउडवर असणार, असं सगळ्यांना वाटत होतं. पण ईमेल कुठला? फोन विकत घेतला तेव्हा दुकानातल्या मुलानं तयार करून दिलेला. पासवर्ड त्यानंच टाकलेला. नंबर जुना, तो रिचार्जअभावी बंद पडलेला. फोटो बहुधा अजूनही तिथंच आहेत. पण दाराला कुलूप, आणि किल्ली कुणाकडंच नाही.

आपल्यात हे फार होतं. खातं दुकानदाराचं, पुतण्याचं, नाहीतर मालकांच्या नंबरावर. गटात आपण म्हणतो ना, बँकेच्या खात्यावर सही सभासदांचीच? मग आपल्या आठवणींच्या खात्यावर दुसऱ्याची सही कशी चालेल? खातं आपल्या नावावर, आपल्या चालू नंबरावर असावं. ईमेल आणि पासवर्ड एका कागदावर लिहून पासबुकाजवळ ठेवा. नंबर बदलला की खात्यातही लगेच बदला, कारण बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला दिला जातो. दोन वर्षं खातं उघडलंच नाही, तर गुगल ते काढून टाकू शकतं, म्हणून अधूनमधून उघडत राहा. आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, अगदी ‘फोटो परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्यालाही नाही.

कागदावरचे जुने फोटो विसरू नका. सासूबाईंच्या तरुणपणीचा एकुलता एक फोटो असेल, तर खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन सरळ धरून त्याचा फोटो काढा. मागं लिहिलेलं नाव, तारीख असेल तर त्याचाही काढा. फोटोतली माणसं कोण, हे सांगणारी सासूबाईच आहेत. आज त्यांच्याजवळ बसून विचारून घ्या. नाव नसलेला फोटो नातवंडांसाठी अनोळखीच राहतो. आणि उलटंही करा. फोनमधले सगळ्यात जिवाभावाचे दहा फोटो छापून घ्या. कागदाला चार्जिंग लागत नाही, पासवर्डही लागत नाही.

पुढच्या मासिक बैठकीत वसुली आणि कर्जवाटप झालं की अर्धा तास या कामाला द्या. प्रत्येकीनं आपला ईमेल कुठला ते शोधायचं, पासवर्ड स्वतः टाकून खातं उघडायचं, आणि एक तरी फोटो वर चढलेला डोळ्यानं बघायचा. ज्या मुली शिकल्यात त्यांनी आयांना, मावश्यांना शिकवायचं, पण बटण दाबू द्यायचं ते मावशींनाच. पेनड्राइव्ह गटानं एकत्र घेतले तर स्वस्तही पडतील.

पै-पै साठवून आपण गट उभा केला. एकेक फोटोही तसाच साठवलेला आहे. त्याची नोंद तीन ठिकाणी असू द्या, आणि किल्ली आपल्या हातात.