गिट गप्प बसतं तेव्हा

लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. त्यातले पहिले दोन आठवडे लिनस टॉर्वाल्ड्स ठिकठिकाणच्या शाखा मुख्य प्रतीत मर्ज करतात. मेमरीवाल्यांची एक, फाइल सिस्टिमवाल्यांची दुसरी, नेटवर्कवाल्यांची तिसरी. टॉर्वाल्ड्स यांनीच २००५ साली लिहिलेलं गिट त्या वेळी तीन मजकूर पाहतं: शाखा फुटल्या तिथली मूळ प्रत, हिचा बदल आणि तिचा बदल. एकीनेच ओळ बदलली असेल तर तो बदल मुकाट घेतं. दोघींनी तीच ओळ वेगवेगळी बदलली असेल, तर दोन्ही मजकूर खुणा घालून समोर ठेवतं आणि थांबतं. हाच कॉन्फ्लिक्ट. नवखी मुलं त्याला फार घाबरतात, उगाच. दिसलेलं भांडण मिटवता येतं.

भीती हवी ती बिनबोभाट झालेल्या मर्जची. आपलं दादर घ्या. ९ डिसेंबर २०२३ पर्यंत इथे एक नंबरचे प्लॅटफॉर्म दोन होते. माणूस गोंधळायचा, पण विचारायचा तरी, ‘वेस्टर्नचा की सेंट्रलचा?’ मग पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच ठेवून मध्य रेल्वेच्यांना आठ ते चौदा नंबर दिले. आता समजा, लालबागच्या मावशीने जुन्या सवयीने भाचीला फोनवर सांगितलं, ‘चार नंबरला थांब.’ चार नंबर आहेच की! पाटीही बरोबर. पण तो पश्चिम रेल्वेचा. मावशीच्या मनातला चार आता दहा झालाय.

कर्नलमध्येही असंच घडू शकतं. एखादं फंक्शन आधी काम जमलं तर एक आणि फसलं तर शून्य परत करतं. एका शाखेत ते बदलतात: शून्य म्हणजे जमलं, ऋण आकडा म्हणजे चूक. जुने सगळे कॉलही दुरुस्त करतात. त्याच सुमाराला दुसऱ्या शाखेत, वेगळ्याच फाइलमध्ये, कुणीतरी जुन्या अर्थाने नवा कॉल लिहितं. ओळी एकमेकींना शिवत नाहीत, म्हणून गिट गप्प. कंपायलरला आकडा आकडाच वाटतो. ऋण आकडा शून्य नाही, म्हणजे काम झालं, असं समजून कोड पुढे जातो. या दोन पद्धतींची सरमिसळ करू नका, असं कर्नलच्या कोड-लेखनाच्या नियमांत मुद्दाम बजावलंय.

असले घोटाळे आधीच पकडावेत म्हणून २००८ पासून लिनक्स-नेक्स्ट चालतं. ऑस्ट्रेलियातल्या स्टीफन रॉथवेल यांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं: कामाच्या दिवशी शेकडो शाखा मर्ज करायच्या, बिल्ड करून पाहायच्या, मोडलं तर ज्याचं त्याला कळवायचं. कंटाळवाणं काम, पण कर्नल त्याच्या जिवावर उभा आहे.

शाखा सांभाळणाऱ्यांना मात्र एक मोह होतो: टॉर्वाल्ड्सना त्रास नको, आपणच मुख्य प्रत आपल्या शाखेत ओढून भांडण परस्पर मिटवू. टॉर्वाल्ड्सना नेमकं तेच नको असतं. कॉन्फ्लिक्ट कळवा, तुम्ही कसा सोडवला असता तेही दाखवा, पण मर्ज मला करू द्या, असा त्यांचा आग्रह. कोणत्या दोन शाखा एकमेकींच्या अंगावर येताहेत, हे त्यांना स्वतः पाहायचं असतं.