चाक मोडणारी कॅथरिन

ताई-मावश्यांनो, कापूस वेचून घरी येऊन भाकरी थापता थापता तुम्ही हे ऐकत असाल. आज २५ नोव्हेंबर. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल जिच्या नावानं उभं आहे, त्या संत कॅथरिनचा हा दिवस.

कॅथरिन इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरातली. इसवी सन ३०० च्या सुमाराला रोमन सम्राट ख्रिस्ती लोकांचा छळ करत होते, तेव्हाची ही कथा. मोठ्या घरची, शिकलेली, अठरा वर्षांची पोर सम्राटापुढं जाऊन उभी राहिली आणि छळाचा जाब विचारला. सम्राटानं पन्नास पंडित बोलावले. एका पोरीला गप्प करायला पन्नास! झालं उलटंच, पंडितांनाच तिचं पटलं. सम्राटानं त्यांना जाळून मारलं आणि मग तिलाच लग्नाची मागणी घातली. वादात हरत नाही, तर बोहल्यावर चढवा. ही युक्ती आपल्यालाही ओळखीची आहे. ती नाही म्हणाली. तेव्हा तिला मारायला खिळ्यांचं चाक आणलं, ते तिचा हात लागताच मोडलं. शेवटी तलवारीनं तिचं शिर उतरवलं. रेणुकामातेची कथा ऐकत वाढलेल्या, माहूरच्या गडावर मातेच्या मुखाला हात जोडणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

दिवाळीतलं भुईचक्र माहीत आहे ना? इंग्रजीत अशा गरगर फिरणाऱ्या फटाक्याला 'कॅथरिनचं चाक' म्हणतात. जिथं तिथं चाकच लक्षात राहिलं, तिचं बोलणं मागं पडलं.

आता खरं-खोटं. तिच्या काळातल्या कुठल्याही लिखाणात तिचं नाव सापडत नाही. काही अभ्यासक म्हणतात, याच शहरातल्या हायपेशिया नावाच्या गणिती बाईची आठवण या कथेत मिसळली असावी. तिला ४१५ साली मारलं, आणि मारणारा जमाव ख्रिस्ती होता. धर्म कुठलाही असो, शिकलेली बाई खुपतेच. पुरावा नाही म्हणून १९६९ साली रोमनं कॅथरिनचा दिवस चर्चच्या सार्वत्रिक पंचांगातून काढला, २००२ साली परत घातला.

गोव्यात ती आली ती लढाईतून. २५ नोव्हेंबर १५१० ला पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कनं आदिलशहाकडून गोवा घेतला. दिवस कॅथरिनचा, म्हणून विजय तिच्या नावावर! त्या विजयात शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली, बायापोरंही सुटली नाहीत. बोलून जिंकणाऱ्या पोरीच्या नावावर तलवारीची जीत लिहिली, हे मला पटत नाही. पण कॅथेड्रल मात्र बघण्यासारखं आहे. १५६२ ला काम सुरू झालं, १६१९ पर्यंत चाललं. मोठ्या वेदीवर सोन्याचा मुलामा दिलेल्या कोरीवकामात तिची सगळी गोष्ट आहे. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली पडला. उरलेल्यात घंटा आहे, तिच्या गोड आवाजामुळं तिला 'सोन्याची घंटा' म्हणतात.

याच तारखेला, १९६० साली, तिकडं डॉमिनिकन रिपब्लिक देशात मिराबाल घरातल्या तीन बहिणींना हुकूमशहाच्या माणसांनी ठार मारलं. त्याही त्याच्या विरोधात बोलत होत्या. त्यांच्या आठवणीसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९९ साली २५ नोव्हेंबर हा बायांवरच्या हिंसेविरोधातला दिवस ठरवला. कॅथरिनची तारीख जुळली ती योगायोगानं.

तुळशीची लग्नं लागली की आपल्याकडं स्थळं यायला लागतात. नववी-दहावीतली पोर दाराआडून म्हणते, 'मला शिकायचंय.' तिला गप्प करायला पन्नास पंडित लागत नाहीत, एक आत्या पुरते. तेव्हा आत्याबाई, जरा थांबा. अठरा पुरी झाल्याशिवाय पोरीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे, आणि गावात तो रोखायची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. अंगणवाडीताईला सांगितलं तरी चालतं. नाहीतर १०९८ वर फोन करा, पैसे पडत नाहीत. तो नंबर पोरीच्या वहीच्या मागच्या पानावर आजच लिहून ठेवा.