कोसा, कवडी आणि संग्रहालय

चंदन नदीकाठचे रामपायली राम-बालाजीच्या मंदिरासाठी ओळखले जात असले, तरी बालाघाट जिल्ह्याच्या या मुलखाची दुसरी श्रीमंती वस्त्रांत आणि रोजच्या वापराच्या वस्तूंत आहे. जवळच्या वारासिवनीत हातमागावर कापड विणले जाते आणि पूर्वेकडे बैहरच्या डोंगरांत बैगा व गोंड समाज राहतो. मध्य भारतातील अशा समाजांच्या वस्तू १८६३ साली स्थापन झालेल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आणि भोपाळच्या मानव संग्रहालयात पोचल्या आहेत, व त्या तेथे किती काळ टिकतील हे सांभाळणाऱ्यांच्या शिक्षणावर अवलंबून आहे.

बस्तरच्या माडिया नर्तकांचे गव्याच्या शिंगांचे शिरोभूषण पाहिले, तर या शिक्षणाची अवघड बाजू ध्यानात येते. शिंगांना कीड पोखरते, पिसे प्रकाशाने ठिसूळ होतात; चेहऱ्यापुढे लोंबणाऱ्या कवड्या चुनखडीच्या जातीच्या असल्यामुळे प्लायवुडच्या बंद कपाटात साचणाऱ्या आम्लयुक्त वाफांनी पांढऱ्या भुकटीने माखतात, आणि त्या ज्यात ओवल्या तो सुती दोरा त्यांचे वजन पेलेनासा होतो. एका द्रव्याला मानवणारा उपाय दुसऱ्याचा घात करतो, म्हणून संवर्धकाला, म्हणजे वस्तूची झीज थोपवणाऱ्या तज्ज्ञाला, आधी नुसते निरीक्षण करण्याची सवय लावावी लागते.

वस्त्रांच्या बाबतीत रंगही वैरी ठरू शकतो. हिरडा आणि लोखंडाचा क्षार यांपासून केलेला काळा रंग धाग्याला आतून जाळतो, त्यामुळे काठातली काळी नक्षी झडून जाते आणि शेजारचे तांबडे धागे मात्र शाबूत राहतात. असे जीर्ण कापड धुण्याऐवजी जुळत्या रंगाच्या आधारवस्त्रावर ठेवून बारीक रेशमी धाग्याने हलके टाचतात, आणि ५० लक्सपेक्षा जास्त उजेड त्यावर पडू देत नाहीत. लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे माप आहे.

पूर्वी कीड लागू नये म्हणून संग्रहालये वस्तूंना आर्सेनिक व पाऱ्याची संयुगे लावीत. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानंतर मूळ रहिवासी जमातींना त्यांच्या पवित्र वस्तू परत मिळू लागल्या, तेव्हा त्यांतल्या काहींत हे विष आढळले. विधीसाठी अंगावर घ्यायची वस्तूच अपायकारक झाली होती.

भारतात लखनौची १९७६ साली सुरू झालेली राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र ही या विद्येची मोठी ठिकाणे आहेत. तथापि केवळ प्रयोगशाळेत मिळणारे शिक्षण अपुरेच राहते. ताण्याला पीळ किती, खळ कशाची, हे कोष्ट्याला बोटांनी कळते, तर कोणती वस्तू कोणी हाताळावी आणि कोणती कधीच मांडू नये हे त्या समाजातील जाणतेच सांगू शकतात. त्यांना अभ्यासक्रमात मानधन देऊन शिक्षक म्हणून बसवणे अगत्याचे आहे.

श्रोत्यांच्या घरी आजीचे जुने कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, लुगडे असेल, तर त्यांनी ते घड्या घालून पेटीत कोंबू नये. खळ काढलेल्या स्वच्छ सुती कापडासह नळीवर सैल गुंडाळावे, डांबराच्या गोळ्या त्याला लागू देऊ नयेत, आणि ते कोणी विणले, कोणत्या कार्याला नेसले, हे माहीत असणारे माणूस घरात आहे तोवर लिहून ठेवावे.