इंजिन नवे, भाग जुने

दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावर, फरीदकोट हाउस या वास्तूत, राष्ट्रीय हरित लवादाचे मुख्य पीठ आहे. पंधरा वर्षांहून जुनी वाहने राजधानीच्या रस्त्यांवर धावू नयेत, असा आदेश या लवादाने 2014 च्या नोव्हेंबरात दिला. पुढील एप्रिलात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांनाही मज्जाव झाला. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्बंध उचलून धरला आणि 2025 मध्ये कारवाईच्या कक्षेत फेरफारही झाले. गाडीचे वय मोजले जाते ते नोंदणीच्या तारखेपासून. नवे इंजिन बसविल्याने ते घटत नाही. तेव्हा इंजिन बदलायचे ते उरलेली वर्षे गाडी नीट चालावी एवढ्यासाठीच.

मग प्रश्न येतो जुन्या इंजिनाभोवतीच्या सुट्या भागांचा. काश्मिरी गेटच्या किंवा कुर्ल्याच्या बाजारातून मालकाने ते पूर्वी हौसेने आणलेले असतात. ‘लोकल’ म्हणून त्यांना नाक मुरडण्याचे कारण नाही; कित्येकदा कंपनीला भाग पुरविणारा कारखानाच तोच भाग दुसऱ्या वेष्टनात बाजारात पाठवितो. भाग कोणाचा यापेक्षा तो कशा इंजिनावरून उतरला, हे पाहणे अधिक अगत्याचे.

जुने इंजिन बेअरिंग झिजून बंद पडले असेल, तर धातूचा बारीक चुरा तेलाबरोबर सर्वत्र पोहोचलेला असतो. तेल थंड करणाऱ्या कूलरच्या अरुंद वाटांत तो दडून बसतो आणि धुऊनही पुरता निघत नाही. तोच कूलर पुन्हा जोडला, की चुरा सुटून नव्या बेअरिंगांपर्यंत जातो. कूलरचे पैसे वाचतात, इंजिन जाते! टर्बोचा दांडाही त्याच तेलावर फिरतो. तो तपासल्यावाचून बसवू नये. अल्टरनेटर, स्टार्टर मात्र चाचणी घेऊन खुशाल वापरावेत. गॅस्केट आणि रबरी नळ्या नव्याच घ्याव्यात. फ्लायव्हीलविषयी सावध असावे: काही इंजिनांत त्याचा तोल क्रँकशाफ्टशी जुळवलेला असतो, आणि दुसऱ्याचे फ्लायव्हील लावल्यास गाडी थरथरू लागते.

इंजिनाचा क्रमांक नोंदणीपत्रात असतो. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार हा बदल 14 दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावा लागतो. मायापुरीच्या भंगारबाजारातून इंजिन आणणाऱ्याने त्याची पावती म्हणूनच जपून ठेवावी. इंजिन कोठून आले, हे तेथे विचारले जाते.